दुसऱ्या साक्षीदाराच्या डोळ्यांबाबत

माझ्या हृदयाची एक झडप निकामी झाली असून ती येत्या सोमवारी बदलायची आहे, हे काल मोठ्या डॉक्टरांनी पक्कं केलं. माझं डोकं ठिकाणावर आहे, असा दाखलाही त्यांनीच दिला. ताईचा विश्वास बसणार नाही, म्हणून तो सोबत जोडला आहे. तेव्हा मी, वय एकसष्ट, अविवाहित, धंदा चष्म्याची भिंगं घासणे, कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे.

१. राहती खोली थोरल्या बहिणीला. तिने ती विकली तरी माझी हरकत नाही. मी कविता लिहितो हे कळल्यावर ती म्हणाली होती, "अरे, या वयात? त्यापेक्षा गुडघ्यांना तेल लाव." त्याचा राग मी धरलेला आहे, पण तो खोलीच्या आड येऊ दिलेला नाही.

२. बँकेतली शिल्लक भाच्याला. तो वर्षातून एकदा फोन करतो आणि "मामा, बाकी काय?" असं विचारतो. बाकी हीच.

३. घासायची चक्की, जाडी मोजायचं माप आणि बारीक पेचकस पलीकडच्या गल्लीतल्या घड्याळजीला. माझा चिमटा त्याच्याकडे आधीपासूनच आहे. मागून मागून मी थकलो, आता तो त्याचाच.

४. पुस्तकांचं कपाट कोपऱ्यावरच्या वाचनालयाला. ही पुस्तकं मुळात आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची, गणिताच्या मास्तरांची. त्यांच्या नजरेला कुठलंच भिंग पुरेना, तेव्हा मी दुकानात तसं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "मग भिंग राहू दे, तू ये. रविवारी तासभर वाचून दाखव." मी गेलो. पहिली कविता वीजबिल वाचावं तशी एका दमात वाचून काढली.

"अरे, गाडी सुटतेय का तुझी? ओळ संपली की थांब."

"पण वाक्य कुठं संपलंय, मास्तर?"

"म्हणून तर थांबायचं."

मी थांबलो. त्या थांबण्यात खोलीतला पंखा ऐकू आला, मास्तरांचा श्वास ऐकू आला, आणि पुढची ओळ काय असेल याची चाळिशी उलटलेल्या मला धाकधूक वाटली. त्यानंतर रविवारची वाट पाहू लागलो. मास्तर गेले आणि रविवार रिकामे झाले. वाचून दाखवायला कुणी उरलं नाही, म्हणून मी लिहू लागलो.

५. माझ्या कविता मालमत्तेत धरायच्या का, असं वकिलांना विचारलं. "किंमत शून्य धरा," म्हणाले. त्या कोणाला ठेवत नाही. त्यांतली एक दुकानातल्या वाचायच्या तक्त्यावर आहे. जुना तक्ता कळकट झाला, तेव्हा नवा मीच लिहिला: वर ठळक अक्षर, खाली बारीक होत जाणारं. माझे वाचक म्हणजे एक डोळा झाकून, हनुवटी वर करून मोठ्याने वाचणारी गिऱ्हाइकं. ज्यांना दिसत नाही ती मध्येच अडतात. ज्यांना दिसतं ती "दिसतंय, दिसतंय" म्हणत अर्ध्यावरच तक्ता परत देतात. शेवटपर्यंत कुणीच जात नाही. दुकानाच्या मालकांजवळ हे एकदा बोललो. ते म्हणाले, "अहो, गिऱ्हाईक वाचायला येत नाही. दिसतं का, ते बघायला येतं." बरोबरच आहे. तक्ता त्यांचा आहे, तो काढू नये एवढीच विनंती.

६. या कागदाला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार त्याने साक्ष देऊ नये, असं वकील सांगतात. मालकांना मी काहीच ठेवलेलं नाही, म्हणून ते चालतील. दुसरं नाव शोधू लागलो आणि ओळखीची माणसं तेवढ्यातच संपली. उरल्या समोरच्या दारातल्या बाई. या पायपुसणं नेमकं माझ्या दाराकडे झटकतात, त्यावरून आमचं बरेच दिवस बोलणं नव्हतं. गेल्या महिन्यात त्या दुकानात आल्या आणि त्यांनी तक्ता हातात घेतला:

दार उघडंच ठेवलं आहे.
दिवा उंबऱ्यापर्यंत पोचतो.
दोन पेले धुऊन पालथे घातले आहेत.
कुणी येणार आहे, असं
मी जिन्याला सांगून ठेवलं आहे.

इथे त्यांची नजर संपली. तक्ता परत न देता त्यांनी विचारलं, "अहो भिंगवाले, मग आलं का कुणी?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. "खाली लिहिलंय," म्हटलं, "दिसलं की वाचा."

"म्हणजे मोतीबिंदू काढल्याशिवाय सांगणार नाही? भलतेच आहात!"

त्यांनी तो काढून घेतला. पट्टी गुरुवारी निघते. मी सही करताना साक्षीदाराने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवी, असा नियम आहे. म्हणून शुक्रवारी दुपारी मालक तक्ता घेऊन माझ्या खोलीवर येतील. बाईंसाठी जवळचा तात्पुरता चष्मा मी तयार करून ठेवला आहे. नजरेची खात्री म्हणून त्यांनी आधी तक्ता वाचायचा, वरपासून, एकही ओळ न गाळता. मी मध्ये बोलणार नाही. शेवटची ओळ त्यांच्या तोंडून ऐकली की सही करीन.

ठिकाण: राहती खोली
तारीख: शुक्रवारची घालायची
साक्षीदार पहिले: दुकानमालक
साक्षीदार दुसऱ्या: समोरच्या दारातल्या बाई. येते म्हणाल्या आहेत.