आधी मशीद, मग उंबरा

अम्मी,

तुमचा डोळा लागला होता, उठवलं नाही. ह्यांचा फोन आला होता, हजहून विमान उतरलं. म्हणाले, "न कळवता दारात उभं राहू नये, म्हणून सांगतो. आधी मशिदीत दोन रकात नमाज पढतो, मग घरी." मी कांदा चिरत होते, म्हणून फोन स्पीकरवर होता. धाकटे भावोजी पाणी प्यायला आले होते. मी भाताकडे वळले तेवढ्यात ते अर्धा ग्लास तसाच ठेवून गेले.

हजला निघताना ह्यांनी दारोदार जाऊन सगळ्या गल्लीची माफी मागितली. पाठच्या भावाची तेवढी राहिली. राहिली कसली, मागितलीच नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं, पण माझं ऐकतंय कोण!

आता ह्यांचा फोन लागत नाही. मी मशिदीकडे धावतेय. इथे फोन आलाच तर एवढंच सांगा, आधी घरी या. अल्लाह माफ करेल.

भाताखालचा गॅस बंद करा. मोठी सुरी शोधत बसू नका, कांद्यापाशी होती, आता नाही.

परतल्यावर आधी मशीद, मग उंबरा, हे तुम्हीच दोघा लेकरांना शेजारी बसवून शिकवलंत. धाकट्याच्याही ते पक्कं लक्षात आहे.