सरळ केलेलं कुंकू

अर्दिया, कुवेत. १४ नोव्हेंबर १९९८, संध्याकाळ

हे मी काय करून बसलो?

ऑफिसातला सुलोआगा आज कायमचा स्पेनला परत गेला. त्याच्या आडनावाचा एक मोठा चित्रकार होऊन गेला. नात्यातला नव्हे, पण हा मिरवायचा, "मिस्टर जोशी, या आडनावाचा माणूस चित्रात खोटं बोलत नाही."

माझी बायको सुमन वारल्यावर त्यानं तिचं चित्र काढलं, आमच्याकडे जेवायला यायचा, अगदी तिच्या आजारपणातही, तेव्हाची आठवून. हुबेहूब. फक्त कुंकू तिरकं. मीच हट्ट धरला, "अरे बाबा, सरळ कर ते."

"पण ते तसंच असायचं," तो म्हणाला. तरी महिन्यामागे सरळ केलंन् आणि आज जाताना चित्र देऊन गेला.

आत्ता भिंतीवर टांगलं आणि मागे सरून पाहिलं. ही कोण बाई? शेवटी शेवटी सुमनचा हात उचलत नव्हता. कुंकू मीच लावायचो, थरथरत्या बोटानं. तिरकं जायचं. ती हसायची, "राहू द्या हो, तुमची सही आहे ती."

विसरलोच कसा? शाळेतल्या कविता अजून सबंध पाठ आहेत, आणि हे विसरलो?

मघाशी ओल्या बोटानं कुंकू पुसायला गेलो. तेलरंग वाळलाय. हलत नाही.