कुंपणाची पलीकडची बाजू

कल्याणचे पप्पा,

धर्मराज भाऊजींना आत्ता रक्ताची उलटी झाली. शीतलसोबत मी त्यांना जालन्याला सरकारी दवाखान्यात घेऊन चालले. तुम्ही शेतात अन् फोन घरीच, म्हणून लिहून ठेवते.

भाकरी टोपल्यात हाय. तुम्ही आज कुंपणाला तेल लावायचं म्हणले होते, ते राहू द्या. लाकूड आता वाळलंय, पाण्याचा थेंब टाकला की जिरून जातो, म्हंजी तेल आता कधीबी लावता येईल. उरलेले तुकडे तेवढे बंबात घालू नका, वाळवीचं औषध पाजलेलं लाकूड हाय, त्याचा धूर वाईट.

तेल दोन्ही बाजूंनी लागतं, न्हाईतर फळ्या वाकतात, असं सुतार म्हणला होता. तुम्ही म्हणले, भावाच्या अंगणात पाय ठेवणार न्हाई, वाकल्या तर वाकू द्या. आत्ता भाऊजींना उठवायला गेले तर पाह्यलं, तिकडची सगळी बाजू तेल लावून झालीय. शीतल म्हणली, आमचे हे आठवडाभर स्टुलावर बसून लावून राह्यले होते. ती ओरडली तर म्हणले, "दादा इकडं येणार न्हाई. मंग त्याच्या फळ्या खराब होतील."

हे तुम्हाला सांगायचं न्हाई, असं त्यांनी तिला बजावलंय. मी सांगून राह्यले.

गाडीत बसवताना त्यांनी इचारलं, "वहिनी, दादा कुठंय?" मी म्हणले, मागून येऊन राह्यले.

मला खोटं पाडू नका.

नंदा