झुलालच्या नावाची सव्वा पायली

गुरुवार, आषाढ वद्य एकादशी, सन १९२९. जामनेर.

आणि वर हे मलाच म्हणतात, हात आखडता घे! रोटाचे गहू मोजताना कोणी हात आखडता घेतं का? कानबाईचे रोट आहेत ते, श्रावणात घरी बसवतो त्या देवीचा नैवेद्य, दुकानातली साखर नव्हे. आमच्या घरची रीत ठरलेली. घरात जितके पुरुष तितक्यांच्या नावानं सव्वा सव्वा पायली. एक यांची, एक झुलालची, आणि यंदा एक नातवाची. नातू पाच महिन्यांचा, तोंडात दात नाही. म्हणून काय झालं? पुरुष तो पुरुष.

हे म्हणाले, "पोरगा धुळ्याले, नातू धुळ्याले. रोट बाहेरच्याले देता येत नाही, पुनवेच्या आत संपवा लागते. खाईन कोण?" मी म्हटलं, येतील ते. हे म्हणाले, "तसं सांगतलं का त्याहीनं?" मी म्हटलं, घरच्या माणसानं घरी यायला सांगावं लागत नाही.

निश्चय: यंदाचा श्रावण आनंदात घालवायचा. देवळातले बुवा म्हणाले, सुख घरातच असतं, आपण बघत नाही. उद्यापासून बघणार. आज एकादशीची भगर करपली.

शनिवार.

स्वयंपाकघराला पांढऱ्या मातीचा हात दिला. सुख पाहिलं. कंबर धरली.

यशोदाबाई कुंपणावरून म्हणाली, सून येणार वाटतं. मी म्हटलं, येणारच. ती म्हणाली, "लाटणं हिसकू नको बरं तिच्या हातातलं." ही बाई सगळ्या गल्लीला सांगत फिरते की झुलाल माझ्या तोंडाला कंटाळून वेगळा झाला. तो कापसाच्या जिनात फिटर आहे, नोकरी धुळ्याला आहे, म्हणून गेला. जामनेरलाही जिन आहे, पण धुळ्याचं मोठं. आणि हिसकलं मी कधी? आमची सून, सुंदर तिचं नाव, एक पोळी लाटते तोवर माझ्या तीन होतात. मला हळू काम बघवत नाही. घेतलं लाटणं. त्यात हिसकणं कुठं आलं?

नातवाचं नाव रुपचंद. माझ्या सासऱ्यांचं. तिकडे त्याला वना म्हणतात. बारसं सुंदरच्या माहेरी सावद्याला झालं, त्याला मी गेले नाही. नाव मला न विचारता ठेवलं म्हणून नाही. पाय दुखत होता.

सोमवार, अमावस्या.

ठरलं. मी स्वतः धुळ्याला जाते आणि आमंत्रण देऊन येते. प्रवासही होईल. खिडकीशी बसायचं, शेतं बघायची, कोणाशी भांडायचं नाही.

यांनी तिकिटाला पैसे दिले आणि म्हणाले, "दोन गोष्टी कर. पोराले मांडीवर घे, न् सुनेच्या हातचा चहा पे. तिसरी करू नको." मी काय लहान आहे?

बुधवार, श्रावण शुद्ध द्वितीया. चाळीसगाव स्टेशन, परतताना. गाडीला अवकाश आहे.

जामनेरहून पाचोऱ्यापर्यंत आमची छोटी गाडी चालते कसली, रांगते. मी गार्डला तसं सांगितलं. तो म्हणाला, उतरून ढकला. पाचोऱ्याला गाडी बदलली, चाळीसगावला परत बदलली. लाल भोपळ्याचं गंगाफळ घेतलं होतं रोटाच्या भाजीसाठी दाखवायला, की बघा, एवढं मोठं आणून ठेवलंय. ते बाकाखालून घरंगळत डब्याच्या दुसऱ्या टोकाला गेलं. एका बाईनं त्यावर पोर बसवलं होतं. भांडले नाही. फक्त फळ ओढून घेतलं. पोर रडलं.

आता धुळ्याचं लिहिते. झुलालची खोली एका अहिराणी बोलणाऱ्या माणसाच्या वाड्यात, मागच्या बाजूला. आत गेले तर धूर! सुंदर चुलीपुढे डोळे पुसत बसली होती. पाया पडली. म्हणाली, "बसा आत्याबाई, चहा टाकते." पोर झोळीत झोपलं होतं. मी म्हटलं, बाई, अशा धुरात माझ्या नातवाचे डोळे जातील. तुझ्या चुलीचं तोंडच चुकलंय. ती म्हणाली, "राहू द्या, मी करते." ती कधी करणार? मी चूल फोडली.

अंगणातून माती आणली, तुडवली, नवी चूल घातली. माझ्या हातची चूल धूर करत नाही, गल्लीत विचारा. यशोदाबाईचीही मीच घातली. ती हल्ली अंगणात रांधते, पण ती तिची आवड. मग धूर जायला वाट हवी, म्हणून पहार घेऊन भिंतीला वर भोक पाडलं. चांगलं ताटाएवढं.

तेवढ्यात घरमालक ओरडत आला. "ओ माय, हाई काय करी राह्यनी? भीत मनी शे, तुनी नई!" मी म्हटलं, भिंत तुझी, डोळे माझ्या नातवाचे. तो गप्प झाला. म्हणजे झुलालला बघून घेतो म्हणाला आणि गेला. पण गेला.

आरडाओरड्यानं पोर उठलं. सुंदरनं त्याला झोळीतून काढून माझ्यापुढे धरलं. "घ्या ना." माझे हात कोपरापर्यंत मातीचे. म्हटलं, थांब, एवढा कोपरा लिंपते मग घेते. कोपरा लिंपला तर दुसरा तडकला. मग झुलाल जिनातून आला. आधी भिंतीकडे पाहिलं. मग चुलीकडे. मग म्हणाला, "माय, तुझी गाडी चुकेल." केवढी काळजी आहे आईची!

स्टेशनपर्यंत माझी पिशवी त्यानं धरली. डोळे लाल होते. धुरानं. मी म्हटलं, रविवारी रोटाला या सगळे, वनाची पायली मोजली आहे. रुपचंदची. तो म्हणाला, बघू. बघू म्हणजे येतोच.

चहा राहिला. चूलच ओली होती. पोर घ्यायचं राहिलं. रविवारी घेईनच.

गंगाफळ परत आणलं. सुंदर ठेवून घेत होती, म्हणाली, राहू द्या इथंच. मी म्हटलं, इथं कशाला, तुम्हीच तर तिकडे येणार.

शनिवार, नागपंचमी.

तिघांच्या नावाचं दळण झालं. जात्यावर एकटीनं दळलं. यशोदाबाई हात लावायला आली होती, पण ती हळू ओढते.

यांनी विचारलं, नातू कसा दिसतो. मी म्हटलं, चांगला दिसतो. हे म्हणाले, "अंगानं भारी हाये का?" मी म्हटलं, मला कामं आहेत.

रविवार. रोट.

कानबाई बसली. नारळाला नथ घातली, हिरवं पातळ नेसवलं. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी, सगळं केलं. पानं चार मांडली. सकाळच्या गाडीला कोणी नाही. दुपारच्या गाडीला टांगा वाजला, तो पोस्टमास्तरकडे गेला.

आमची छोटी गाडी पाचोऱ्याला अडली असणार. मी गार्डला बोलले होते त्याचा राग.

हे जेवले. म्हणाले, भाजी चांगली झाली. दोन पानं तशीच उचलली.

सोमवार.

कानबाईला कांग नदीवर पोचवलं. बाया गात होत्या. मी एक डोळा स्टेशनच्या रस्त्यावर ठेवला, त्यात पाय घसरला. आज यायला हवे होते. झुलालला जिनातून रजा मिळाली नसेल. कामसू पोरगा आहे, त्याच्याशिवाय त्यांचं चालत नाही.

निश्चय: त्यांच्या वाट्याचं पीठ पुनवेपर्यंत राखून ठेवायचं. आम्ही दोघांनी आमचं खायचं.

गुरुवार.

राखून ठेवता येत नाही. संपलं नाही तर कानबाई रागावते. सकाळी रोट, संध्याकाळी रोट. यांचं पोट बिघडलं. म्हणाले, "मी माह्या नावाचं खाल्लं. आता लेकाच्या नावाचं खाऊ राह्यलो. नातवाच्या नावाचं माह्यानं होणार नाही." यशोदाबाई म्हणाली, वास छान येतो. तिला देता येत नाही. देता आलं असतं तरी दिलं नसतं.

रविवार.

छगन कासार बांगड्यांचा माल आणायला धुळ्याला गेला होता. आज दारी आला. बांगड्या भरता भरता म्हणाला, "अक्का, झुलालभाऊ भेटला व मले बाजारात."

मी म्हटलं, काय म्हणत होता?

"खोली बदलली म्हणे त्यानं. जुन्या मालकानं दुसऱ्या दिवशीच सामान काढलं, भिंतीवरून काही झालं म्हणे. पोराले घेऊन दोन दिवस जिनाच्या ओट्यावर होते."

नवी खोली कुठं आहे, विचारलं. छगनला माहीत नाही. म्हणाला, "नारळ घेत होता, न् लहानशी नथ. म्हटलं, कानबाई का? तर म्हणे, हो, यंदापासून आमचा रोट वेगळा."

छगनला कमी ऐकू येतं. नारळ काय, कोणीही घेतं.

यांना सांगितलं.  त्या दोन गोष्टींचं यांनी काढलं नाही. काढलं असतं तर भांडता आलं असतं.

शेत वेगळं होतं, चूल वेगळी होते. रोट वेगळा झाला की मग वेगळं करायला काही उरत नाही. म्हणजे झुलालच्या नावाची पायली तिकडेही मोजली असणार. वनाचीही. एका माणसाचे रोट दोन जागी. असं कधी कोणी ऐकलं नाही.

मंगळवार, नारळी पौर्णिमा.

पीठ उरलं. नातवाच्या वाट्याचं सगळं आणि झुलालचं थोडं. हे आणि मी नदीवर घेऊन गेलो. हे म्हणाले, "आण, मी सोडतो." मी डबा दिला. पाणी थोडा वेळ पांढरं झालं, मग गढूळ होतं तसं झालं. येताना हे म्हणाले, पुढच्या साली एकच पायली मोज. मी चालताना यांच्या मागे राहिले, आज घाई नव्हती.

छगन शुक्रवारी परत धुळ्याला जातो. येताना त्याच्या दारी थांबून झुलालला जिनात सांगायचा निरोप पाठ करून घेतला, तीनदा म्हणायला लावला. नव्या खोलीच्या चुलीला मी हात लावणार नाही. भिंतीला तर नाहीच. धूर झाला तर बाहेर बसेन. घरून हात धुऊन येईन, स्टेशनवर परत धुईन. खोली कुठं आहे ते सांगा, आणि वना कोणत्या वेळेला जागा असतो ते सांगा. त्या वेळेच्या गाडीनं येईन आणि त्याच दिवशी परत जाईन.

जबाब पोळ्याच्या आत पाहिजे.