वैजूला अजून सांगितलेलं नाही

अगं सुनंदा,

ह्या पत्राला पत्ता नाही, तरी लिहिते. वैजूला बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी काल मला विचारलं, "आजी, पोरीला तिच्या आईचं सांगितलंत का?" मला गप्प बसवणारी आजवर तू एकटीच होतीस, आता ही दुसरी निघाली.

नाही सांगितलं. वर्ष होत आलं.

तू गेलीस त्या दिवशी घरात रडारड चाललेली. मी पोरीच्या छातीवरचं ऐकायचं मशीन सोडलं, कानातली गुंडी काढली आणि सगळं कपाटात टाकलं. म्हटलं, पाच वर्षांच्या पोरानं हा आक्रोश कशाला ऐकायचा? तुझ्या नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "राहू दे गं आये, तिला नाहीतरी काय कळतंय?" माझ्याच पोटचा तो. तेरावं झालं, श्रावण गेला, गणपती गेले, मशीन कपाटातच.

ती दाराकडे हात करून तुझं विचारायची. मी बोट वर करायचे. ती पंख्याकडे बघत बसायची. सांग, ह्यात तिची काय चूक?

राग तुझाही आहे मला. आठ दिवस ताप अंगावर काढलास. डॉक्टरकडे जा म्हटलं तर म्हणालीस, "वैजूचं वाचन चुकेल." आणि आता चुकलं नाही का?

तुझं ते वाचन मला डोळ्यांपुढे नको व्हायचं. पोरीला शेजारी बसवायचीस आणि तोंडापुढे पदर धरायचीस. आधी वाक्य बोलायचं, मग चित्र दाखवायचं. मी भाजीची टोपली उतरवता उतरवता टोमणा मारायचे, "लेकीपासून तोंड लपवते, ही कसली आई?" तू म्हणायचीस, "आई, ओठ दिसले तर ती कान कशाला वापरेल?" एव्हरशाईन कॉलनीत, फ्लॅटात वाढलेली शिकलेली पोरगी मला अक्कल शिकवते, असं वाटायचं. मग मी मुद्दाम समोर बसून हातवारे करत बोंबलायचे. वैजू मला बघून हसायची आणि तुझं वाचन मोडायचं. मी जिंकले म्हणायचे मनात.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी ती कोंबडीच्या पिल्लांचं पुस्तक घेऊन आली. शेजारी बसली, माझा पदर ओढला आणि माझ्या तोंडावर धरला. मग वाट बघत राहिली. मशीन कपाटात, कानात काही नाही, आणि पोर ऐकायला बसलेली. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

मशीन काढलं तर आत सेल फुटून हिरवं झालेलं. दुरुस्त करून आणलं. पण कानांची सवय गेली होती. तुझ्या वेळी "पिल्लू पाणी पितंय" म्हटलं की बरोबर त्या चित्रावर बोट ठेवायची. आता मी "कुकूचकू" केलं तरी ढिम्म. हे माझ्यामुळे. तुझ्या दोन वर्षांच्या मेहनतीवर मी माती टाकली.

माझी शाळा दुसरीपर्यंतची. मी अक्षराला अक्षर जोडत वाचलं, तर बाई म्हणाल्या, "आजी, तुकडे नका करू. घरात बोलता तसं सलग बोला." म्हणून बाजारात भाजी विकता विकता मी पान पाठ करते. शेजारी मासळी घेऊन बसणारी पाचूबंदरची कोळीण विचारते, "म्हातारे, परीक्षा हाय का गं तुझी?" मी म्हटलं, "हाय. एकदा नापास झालेय, दुसऱ्यांदा बसलेय."

हळूहळू पुन्हा ऐकते आहे. पाणी, दाणे, पिल्लू कळतं. परवा मी वाचलं, "आई दाणे टिपते." समोर एवढी मोठी कोंबडी काढलेली. पण पोरीनं पुस्तकाकडे बघितलंच नाही. मान वळवून दाराकडे बघितलं. मी पान उलटलं आणि पुढचं वाचत सुटले.

ते काही बरं केलं नाही. रविवारी तुझा नवरा घरी असतो. त्यालाही बसवीन शेजारी, पळू देणार नाही. मशीनमध्ये नवा सेल घालीन. देवाघरी गेली, गावाला गेली, असलं काही सांगणार नाही. "वैजू, आई मेली. आई आता येणार नाही." एवढंच. बाजारात तेच पाठ करते आहे. अजून सलग म्हणता येत नाही. रविवारी म्हणेन.

तुझी सासू,
पार्वती