लेकरांना कळू द्या

आई, आज दुपारी एकटीच जेवायला बसले आणि सास्तूरची आपली पत्र्याची शेड आठवली. भूकंपानंतर गावात नवी घरं उठत होती, बाबांना गवंडीकामातून उसंत नव्हती. शेजारी टीव्ही आला म्हणून मी तुझ्यामागं भुणभुण लावली, आणि तू बाजारातून दोन शेळ्या घेऊन आलीस. "काम हाय तवरच असलं घ्यायचं असतंय," एवढंच म्हणालीस. मी रुसून बसले.

मग घरं बांधून झाली आणि काम थांबलं. बाबा तरीही रोज थापी पिशवीत टाकून बाहेर पडत, पारावर बसून संध्याकाळी परत येत. एकदा तू सगळ्यांना वाढलंस आणि भाकरी मोडता मोडता सांगून टाकलंस, "तुमच्या बाबाला आता काम न्हाय. कुणाची फी भरायचीय, कुणाला काय लागतंय, आत्ताच सांगा." बाबांचा हात ताटातच राहिला. "लेकरांसमोर कशाला गं?" "लेकरं ह्याच घरात जेवतेत न्हवं? कळू द्या त्यांना." बाबा मान खाली घालून रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. तुझा इतका राग आला की मी पाण्याचा तांब्यासुद्धा तुझ्याकडं सरकवला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र बाबा पारावर गेले नाहीत. एक शेळी विकून त्यांनी माझी फी भरली आणि तुझ्याबरोबर दुसऱ्याच्या रानात खुरपायला यायला लागले.

लग्न होऊन मी लोहाऱ्याला आले. ह्यांची जीप होती, हप्त्यावर घेतलेली. गावोगावच्या माणसांची ने-आण करायचे. टाळेबंदीत ती दारातच उभी राहिली. फोन वाजला की हे गच्चीवर जायचे आणि खाली येऊन म्हणायचे, "मित्राचा होता."  मग एकदा दोन्ही पोरं ताटावर असताना मी विचारलं, "हप्ते थकलेत, व्हय ना?" तुझा आवाज कापला नव्हता, माझा कापत होता. हे उठायला लागले. लेकीनं हात धरून बसवलं, "पप्पा, जेवून घ्या आधी." त्याच जेवणात ठरलं, वसुलीवाल्यांनी ओढून न्यायच्या आधी जीप आपणच विकायची. भाव कमी आला, पण कर्ज फिटलं. हे दुसऱ्याच्या टेम्पोवर भाजी न्यायला लागले, मी बचत गटातल्या पैशातून शिलाई मशीन घेतली. पोरांचं शिक्षण थांबलं नाही, आणि हे परत कधी फोन घेऊन गच्चीवर गेले नाहीत.

तू गेलीस, आता हेही नाहीत. पोरं पुण्यात नोकरीला आहेत. माझ्यापुरतं शिवणातून सुटतं, पैशाची चिंता नाही. लेक सासरच्या व्यापात असते. लेकाचा रविवारी फोन येतो. "आई, पैसे पुरतात ना?" तो मोकळेपणानं विचारतो, मीही मोकळेपणानं सांगते. काल मात्र त्यानं विचारलं, "आणि तू कशी आहेस?" मी म्हटलं, "मला काय झालंय? शेजारीपाजारी आहेत की." फोन ठेवला आणि बराच वेळ मशीनवर पाय मारत बसले. सुईत दोरा नव्हता.

आई, हे सगळं खरं तर त्यालाच सांगायचं होतं. तुला सांगणं सोपं जातं. तू परत काही विचारणार नाहीस.