शेवटच्या रांगेतली खुर्ची

१२ मार्च

हसले! भर सभेत मला हसले!

वाचनालयाच्या सभागृहात नवी गुळगुळीत फरशी बसवली तेव्हापासून खुर्च्यांनी गळा काढलाय. कुणी जरासं मागे सरकलं की किर्रर्र! आज मी ऐन रंगात आले होते. "ज्या गावात माणसाला फुकट बसून वाचता येत नाही, त्या गावात..." आणि खजिनदारांनी खुर्ची ओढली. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज! अख्खं सभागृह फिदीफिदी. त्या गावात पुढे काय होतं ते त्या गावातच राहिलं.

वीस तारखेला मतदान आहे. सभागृह कपड्यांच्या दुकानाला भाड्याने द्यायचं, की वाचणाऱ्यांसाठी ठेवायचं. माझ्या भाषणावर सगळं अवलंबून, आणि माझ्यावर खुर्च्या मात करणार?

घरी येताना दादा म्हणाला, "पहिली किर्रर्र खजिनदारांची. दुसरी माझी होती."

ती मी ओळखलीच होती. लांबलचक, सावकाश. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेपासून आमचा हा करार आहे. बोलता बोलता तापले की माझे डोळे आपोआप मिटतात. मग ना घड्याळ दिसत, ना कुणाचा हात. म्हणून दादा शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसतो. मी वाहवत गेले की खुर्ची ओढतो. म्हणजे पुरे. जगात मला गप्प करू शकणारा एकच माणूस, तोही खुर्चीच्या पायाने!

१४ मार्च

खुर्च्यांच्या पायांना रबराच्या टोप्या बसवून पाहिल्या. आधी किर्रर्र होतं, आता कुईंऽऽ! वर फरशीवर काळे ओरखडे. मग शिपाई म्हणाला, मेणबत्ती घासू. घासली. खजिनदार बसायला गेले, खुर्ची एकीकडे, ते दुसरीकडे. सुदैवाने टेबल हाताशी आलं. "बाई, मतदानापर्यंत तरी मला जिवंत ठेवा!" म्हणाले. ते आमच्याच बाजूने मत देणार आहेत. ठेवायलाच हवं.

१५ मार्च

सुतार येऊन गेला. जाड लोकरी कापडाच्या चकत्या चिकटवायच्या, फेल्ट म्हणतात त्याला. पाय आधी घासायचे, कोरडे पुसायचे, चिकटवून रात्रभर खुर्ची उलटी ठेवायची. धूळ राहिली की चकती सुटलीच. हे पटलं. कुठलंही काम मुळापासून करावं, वरवर नाही.

१७ मार्च

कंबर गेली, पण झालं! सगळ्या खुर्च्या पाय वर करून पडल्यात, उताण्या झुरळांसारख्या. मी पाय घासले, शिपायाने चिकटवलं, दादाने बाटलीचं झाकण ठेवून एकेक चकती कापली. माझ्या शिव्या आणि त्याची शीळ, दिवसभर.

शेवटी त्याची खुर्ची राहिली. म्हणाला, "माझी एक सोड गं."

"का?"

"तुला थांबवायचं कसं मग?"

"नियम म्हणजे नियम, दादा. सगळ्यांना सारखा. भावाला सवलत दिली तर समानतेवर कुठल्या तोंडाने बोलू?"

"तोंडाचा प्रश्न तुला कधी पडला?" दादा म्हणाला. शिपाई तोंड फिरवून हसला.

मीच घासली ती खुर्ची. मीच चिकटवलं. सगळ्यांत नीट.

१९ मार्च

तालीम घेतली. शिपायाला सगळ्या खुर्च्या पुढेमागे करायला लावलं. आवाज नाही! दादाने आपली ओढून पाहिली. नुसती सरकली. तो खांदे उडवून म्हणाला, "झालं. आता तुझं तू बघ."

२० मार्च

जिंकलो. लिहायचं म्हणून लिहिते.

अशी शांतता मला जन्मात मिळाली नव्हती. चाहूल नाही, कुजबुज नाही. मला वाटलं, आज माणसं माझ्या मुठीत आहेत. डोळे मिटले आणि बोलत सुटले. कुणी अडवलं नाही. एकदा मनात आलंही, दादा कसा गप्प? मग वाटलं, आज त्यालाही थांबवावंसं वाटत नसेल. फुशारले! आणखी बोलले.

टाळ्या पडल्या तेव्हा डोळे उघडले. सगळे उभे. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. त्यांच्या मागे एकटा दादा बसलेला. मान कलती. तोंड एका बाजूला ओढलेलं. टाळी नाही.

"दादा!" मी व्यासपीठावरून ओरडले तेव्हा कुठे लोकांनी मागे वळून पाहिलं.

हात उंचावून मतं मोजली म्हणे नंतर. मी तिथे नव्हते.

२१ मार्च

पक्षाघात. उजवी बाजू गेली. वाचा गेली.

डॉक्टरांनी विचारलं, "त्रास कधी सुरू झाला?"

"माहीत नाही. मी बोलत होते."

"किती वेळ?"

मला सांगता आलं नाही. ते म्हणाले, यात वेळेलाच महत्त्व असतं. एवढंच म्हणाले. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

२३ मार्च

दादाचा चष्मा आणायला सभागृहात गेले. शिपायाने अजून काही आवरलेलं नाही.

त्याची खुर्ची भिंतीपाशी नाही! भिंतीपासून पार मधल्या वाटेपर्यंत आली आहे. तिरकी. फरशीवर डिंकाचे पुसट पट्टे. पुढे, मागे, परत पुढे. एक चकती अर्धी सुटून बाजूला सरकलेली. बाकीच्या जागच्या जागी, घट्ट.

ओढत होता. तोंडातून शब्द निघेना, पुढे बसलेल्यांच्या नुसत्या पाठी, माझे डोळे मिटलेले. म्हणून एका हाताने, एका पायाने, माझा भाऊ खुर्ची ओढत राहिला. आणि ती लोण्यावरून सरकावी तशी सरकत राहिली.

काम पहिल्या दर्जाचं झालं होतं.

शिपाई दारात उभा होता. त्यालाही पट्टे दिसले. "बाई, मी पुसतो," म्हणाला. मी नको म्हटलं.

२४ मार्च

वहिनी म्हणाल्या, "वन्सं, बोला ना त्यांच्याशी. तुमचा आवाज ऐकला की त्यांना बरं वाटेल."

खाटेजवळ बसले. तोंड उघडलं. काही नाही. मी! हजार माणसांपुढे चिठ्ठीशिवाय उभी राहणारी!

२६ मार्च

वहिनींना चकत्यांचं सांगितलं. खुर्चीचं, पट्ट्यांचं, सगळं. वाटलं, आता घराबाहेर काढतील. त्या बराच वेळ दादाची चादर सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते कापताना शीळ घालत होते, असं म्हणालात ना? मग तेवढंच सांगा मला परत."

सांगितलं. दादा छताकडे बघत होता. ऐकतो का, समजतं का, डॉक्टरही नक्की सांगत नाहीत. डोळ्यांत ओळख दिसत नाही.

२९ मार्च

दवाखान्यात खाली भेटायला आलेले वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले, "सभागृह वाचवलंत, बाई." मी त्यांना हात जोडून वर निघून आले.

३१ मार्च

उशा मिळेनात म्हणून परिचारिकेवर भडकले. कितीतरी दिवसांनी वाचा फुटली! रुग्णाचे हक्क, माणसाची प्रतिष्ठा, डोळे मिटले, थांबेचना. आणि खाटेजवळून... किर्रर्र! लांबलचक. सावकाश.

डोळे उघडले. दादाचा डावा हात लोखंडी स्टुलावर. नजर थेट माझ्यावर.

मी थांबले.